पत्रा, पन्हळ आणि ज्वालामुखी

पहाटे पावणेपाच

उठल्यावर आधी हवा, मग पाणी, मग चहा. हवाई बेटाच्या आमच्या बाजूला, म्हणजे पुना जिल्ह्यात, बहुतेक घरांचा दिवस याच क्रमाने सुरू होतो.

हवा फोनवर बघायची. राज्याचं आरोग्य खातं बेटावरच्या केंद्रांमधले सल्फर डायऑक्साइडचे आकडे पंधरा-पंधरा मिनिटांच्या सरासरीने देतं. ०.१ पीपीएमपर्यंत हिरवा, ०.२ पर्यंत पिवळा, १ पर्यंत केशरी, ३ पर्यंत लाल, ५ पर्यंत जांभळा आणि त्यापुढे किरमिजी. माणसाच्या नाकाला हा वायू साधारण ०.३ च्या पुढे कळायला लागतो. म्हणजे पेटलेल्या काडीचा वास आला तेव्हा रंग केशरी होऊन गेलेला असतो. घरात दमेकरी असेल तर नाकावर विसंबून चालत नाही. आमची लेक दमेकरी आहे.

दुसरं पान ज्वालामुखी वेधशाळेचं. किलावेयाच्या माथ्यावरच्या हालेमाउमाउ विवरात २३ डिसेंबर २०२४ पासून उद्रेक चालू आहे, पण सलग नाही. काही तास लाव्हाचं कारंजं उडतं, कधी तीनशे मीटरच्याही वर, आणि मग एकाएकी थांबतं. पुढे काही दिवस किंवा आठवडे डोंगर आतून फुगत राहतो. फुगवट्याच्या मोजमापावरून पुढचं कारंजं कधी, याचा अंदाज वेधशाळा देते. आजचा अंदाज : आज किंवा उद्या.

तिसरं पान हवामानाचं. ईशान्येचे व्यापारी वारे पडणार, दुपारनंतर दक्षिणेकडून कोना वारा आणि त्याच्यामागे पाऊस. एरवी हे व्यापारी वारे आमचे राखणदार. ज्वालामुखीचा सगळा धूर ते नैर्ऋत्येला काऊच्या गावांवर आणि तिथून वळसा घालून कोनाच्या किनाऱ्यावर नेतात. आमची हवा चांगली असते त्याची किंमत बेटाच्या पलीकडची माणसं मोजतात, हे इथे सगळ्यांना माहीत आहे आणि फारसं कोणी बोलून दाखवत नाही. कोना वारा सुटला की पाळी आमची. आमचं माउंटन व्ह्यू विवरापासून सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर.

पाऊस हवा आहे, वारा नको आहे. आज दोघं एकत्र येणार.

पाच

टॉर्च घेऊन टाकीपाशी. आमच्याकडे नळ आहेत, पण नळाच्या पलीकडे पालिका नाही. घराचा पत्रा, पत्र्याची पन्हळ, पन्हळीचा पाइप, पाइपाखाली नालीदार पत्र्याची गोल टाकी, तिच्या आत प्लास्टिकचं अस्तर आणि वर जाळीचं झाकण. दहा हजार गॅलन, म्हणजे अडतीसएक हजार लिटर. पुनातली हजारो घरं अशी पावसाच्या पाण्यावर चालतात. कौंटीची पाइपलाइन मुख्य रस्त्यांच्या आसपास आहे. आतल्या वसाहतींचे प्लॉट पन्नास-साठच्या दशकांत पाडून विकले गेले, तेव्हा तिथे पाणी न्यायचं कोणी मनावर घेतलं नाही. विहीर खणावी तर जमीन म्हणजे कोवळा लाव्हा. पाणी त्यातून थेट खाली जातं. इतका पाऊस पडूनही आमच्या वसाहतीत ओढा नाही.

टाकीच्या पत्र्यावर टकटक केली की आवाज कुठे बदलतो त्यावरून पातळी कळते. आज एक तृतीयांश. पंधरा दिवस कोरडे गेलेत, आणि एल निनोचा हिवाळा असेल तर महिनाही जातो. मग टँकर.

हिशेब सोपा आहे. आमचं छप्पर दीडशे चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दीडशे लिटर. तिघांना दिवसाला पाचशे लिटर लागतं. आज रात्री पंचवीस मिलिमीटर सांगितलाय, म्हणजे पावणेचार हजार लिटर, आठवड्याची बेगमी. पण कारंजं उडत असताना तोच पाऊस पत्र्यावरून टाकीत घ्यायचा नाही. ज्वालामुखीची राख किंवा काचेचे तंतू पडायची शक्यता असली की पन्हळीचा पाइप टाकीपासून सोडवून ठेवा, असं वेधशाळा आणि कौंटी दोघंही सांगतात. म्हणून आमच्या पाइपाचा कोपर स्क्रूने न आवळता नुसत्या क्लिपने लावलाय. लहान मुलालाही काढता येतो.

आत्ता काढू की ठेवू? ठेवला. वारा अजून ईशान्येचा आहे.

एवढ्यात आईचा फोन. गुहागरला तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, जेवण उरकून ती बोलायला बसते.

“टाकी भरली का रे?”

“नाही अजून.”

“बारा महिने पाऊस म्हणतोस आणि पाण्याला महाग?”

तिला हसू येतं, पण तिला हे माझ्यापेक्षा नीट कळतं. आमच्या वाडीवर चार महिन्यांत इतका पाऊस कोसळतो, तरी एप्रिलमध्ये टँकरची वाट बघतात. तिथे जांभा पाणी धरत नाही, इथे लाव्हा. खरं तर दगडाचं नातंही जुनंच. सह्याद्रीचा काळा पत्थर हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा असाच लाव्हा. लहानपणी पागोळ्यांखाली घागरी लावायचं काम माझ्याकडे असायचं. पहिल्या दोन पावसांचं पाणी आजी भरू द्यायची नाही, कौलं धुऊन जाऊ देत म्हणायची. इथे त्याच कामासाठी पाइपाला एक वेगळी उभी नळी बसवतात. सुरुवातीचं घाण पाणी तिच्यात अडकतं आणि नंतरचं टाकीत जातं. आजीला ही नळी दाखवली असती तर तिने किंमत विचारली असती.

साडेसहा

हायवे ११ ने हिलो. बायको आठला घराबाहेर पडेल, लेक तिच्याबरोबर शाळेत. निघताना शेजारच्या अंकलना हाक मारली. इथे वडीलधाऱ्या माणसाला, ओळख असो नसो, अंकल किंवा आंटीच म्हणतात, त्यामुळे आम्हाला रुळायला वेळ लागला नाही. अंकलनी उमेदीची वर्षं ऊसमळ्यात काढली. १९८४ मध्ये पुना शुगर बंद पडली आणि ते घरी बसले. त्यांना म्हटलं, कारंजं सुरू झालं तर आमचाही पाइप काढाल का? त्यांनी नुसता हात वर केला.

साडेसात

हिलोतल्या कचेरीतून दिवसपाळीची गाडी सुटते. माझं काम मौना केयाच्या माथ्यावरच्या एका दुर्बिणीवर. उपकरणं थंड ठेवायची यंत्रणा बघतो मी. हेलियमचे कॉम्प्रेसर, पंप, पाइप. गाडीत चढताना प्रत्येकाजवळ स्वतःचं पाणी आहे ना, हे पाहिलं जातं.

सव्वानऊ

हाले पोहाकू, २८०० मीटर. इथे थांबून शरीराला विरळ हवेची सवय करून घ्यायची. कॉफी, कालच्या पाळीच्या नोंदी. खिडकीबाहेर पाण्याचा टँकर चढावर घरघरत होता. डोंगरमाथ्यापर्यंत पाण्याची पाइपलाइन नाही. तिथे लागणारा थेंब न् थेंब हिलोतून टँकरने येतो. खाली पत्र्याचं पाणी, वर टँकरचं. एरवी माझ्या दिवसात पाइपलाइनचं पाणी भेटतं ते फक्त हिलोच्या कचेरीत.

साडेदहा

४२०० मीटर. इथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्के. जिन्याच्या दहा पायऱ्या चढून माणूस थांबतो, आणि सोप्या बेरजा दोनदा करून बघतो. ओठ फुटतात, कारण हवा कोरडीठाक. तहान लागायच्या आधी प्यायचं, हा नियम.

पण हवा स्वच्छ किती म्हणाल, तर त्याचसाठी या दुर्बिणी इथे आहेत. व्यापारी वाऱ्यांच्या वर, साधारण दोन हजार मीटरच्या आसपास, उबदार हवेचा एक थर झाकणासारखा बसलेला असतो. ढग, ओल आणि ज्वालामुखीचा धूर बहुतेक वेळा त्याच्याखालीच अडतो. माझं घर झाकणाखाली, माझं काम झाकणावर. ताऱ्यांसाठी जी हवा निवडली ती माझ्या लेकीला मिळत नाही, हा विचार वर उभं राहिलं की येतोच. तिला इथे आणून ठेवावं तर तेही नाही. लहान मुलांना माथ्यावर नेऊ नये असा सल्ला आहे.

पाण्यावरूनही या डोंगरावर मोठा वाद झालेला आहे. माथ्याखाली ३९०० मीटरच्या वर वायाउ नावाचं छोटं तळं आहे, मूळच्या हवाईयन लोकांना अतिशय पवित्र. तीस मीटर व्यासाच्या नव्या दुर्बिणीला त्यांनी २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रस्ता अडवून विरोध केला, तेव्हा सांडपाण्याचं काय करणार आणि खालच्या भूजलाचं काय होणार, हे प्रश्न त्यात होते. त्या प्रकल्पात भारतही भागीदार आहे, पुण्याच्या आयुकातले शास्त्रज्ञही त्यात आहेत. प्रकल्पाने सांडपाणी सगळं खाली नेऊ असं सांगितलं. मी दुर्बिणीच्या पगारावर जगतो, तरी म्हणेन : छपराचं पाणी पिणाऱ्या माणसाला वरून खाली काय झिरपतं हा प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे, आणि तो आधीच्या दुर्बिणींना कोणी वेळेवर विचारला नव्हता.

दुपारी सव्वा

कॉम्प्रेसरचं गाळण बदलत होतो, तेवढ्यात दोघातिघांचे फोन एकदम वाजले. कारंजं सुरू. बाहेर येऊन आग्नेयेला पाहिलं तर ढगांच्या गादीतून एक मळकट पांढरा खांब वर आलेला, आणि त्याचं डोकं उत्तरेकडे कललेलं. वारा फिरला होता.

विरामाच्या दिवसांत किलावेया दिवसाला साधारण हजार ते पाच हजार टन सल्फर डायऑक्साइड सोडतो. कारंजं चालू असताना हा वेग दिवसाला पन्नास हजार टनांच्या पुढे जातो. हवेतली ओल, प्राणवायू आणि ऊन यांच्याशी गाठ पडली की त्या वायूचे सल्फेटचे आणि गंधकाम्लाचे बारीक कण होतात. त्या धुरकट हवेला इथे व्हॉग म्हणतात. वायू एकीकडे, कण दुसरीकडे. एन-९५ मास्क कण अडवतो, वायू नाही. वायूला खास प्रक्रिया केलेला कार्बन लागतो. बाजारातले स्वस्त सेन्सरसुद्धा कणच मोजतात. त्यांचा आकडा हिरवा बघून खिडक्या उघडणारी माणसं आहेत.

अंकलना फोन लावला.

“अंकल, पाइप...”

“काढला केव्हाच. तुझाही आणि माझाही.”

त्यांना घाई का असते, ते ठाऊक आहे. व्हॉगमधून पडणारा पाऊस आंबट असतो, आणि आंबट पाणी धातू खातं. १९८८ मध्ये कोनाच्या बाजूला छपराच्या पाण्यावरच्या घरांची तपासणी झाली, तेव्हा जवळजवळ ४० टक्के घरांच्या पाण्यात शिसं सापडलं. आंबट पावसाने ते छपरांतून आणि जोडकामातून धुऊन काढलं होतं. काही घरांतल्या माणसांच्या रक्तातही ते वाढलेलं निघालं. पाण्याच्या चवीवरून कोणाला शंका आली नव्हती. त्यानंतर लोकांनी शिशाचे खिळे, जुना रंग, शिशाचा डाख काढून टाकला. अंकलनी आपलं छप्पर तेव्हाच बदललं.

या बेटावर राहायचं म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी व्हॉग किंवा टंचाई असं वेगवेगळं सांगणार नाही. सरकारदरबारी हवा राज्याच्या एका शाखेकडे, पाणी कौंटीच्या खात्याकडे, आणि खाजगी टाकी तर कोणाच्याच अखत्यारीत नाही, तिची तपासणी मालकानेच करायची. पण विवरातून जे निघतं ते संध्याकाळी माझ्या पत्र्यावर आणि सकाळी माझ्या पेल्यात असू शकतं. मधे दुसरी कसलीही भिंत नाही, मी काढला तर तो एक कोपर.

चार

हिलोत उतरलो तर डोळे चुरचुरायला लागले. समोरचा समुद्र दिसेना, सगळं पिवळट करडं. फोनवर पिवळा रंग होता, तो माझ्या डोळ्यांदेखत केशरी झाला. बायकोचा मेसेज : शाळेने मुलांना मैदानावर सोडलं नाही, इन्हेलर एकदाच लागला.

पाच

घरी जाताना नळकोंडाळं. कौंटीने हायवेच्या कडेला ठिकठिकाणी प्यायच्या पाण्याचे सार्वजनिक नळ ठेवलेत, फुकट. पाच गॅलनचे निळे कॅन घेऊन रांग लागते. माझे चार कॅन. एरवी आम्ही टाकीचंच पितो, पण कारंज्याच्या आठवड्यात प्यायला आणि स्वयंपाकाला हे.

रांगेत गप्पा फक्त याच. कुणाच्या टाकीत किती, टँकरवाला किती दिवसांनी येतो, कुणी पाइप काढायला विसरला. एक तरुण जोडपं नवीन दिसत होतं. त्यांनी विचारलं, टाकी उपसून टाकायची का? पुढच्या आंटी म्हणाल्या, आधी खाण्याचा सोडा टाकून आंबटपणा मोडा आणि पाणी तपासायला द्या. उपसलंत तर उद्या काय प्याल?

सहा

वळणावरच दिसलं, अंगणातल्या फर्नवर सोनेरी तंतू चकाकत होते. पेलेचे केस. पेले ही इथली ज्वालामुखीची देवता. वितळलेला लाव्हा वाऱ्यावर ताणला जाऊन त्याची काच होते आणि माणसाच्या केसाहून बारीक धागे मैलोन् मैल वाहत येतात. दिसायला सुंदर, पण हाताला लागले तर टोचतात, डोळ्यात गेले तर दवाखाना. हातमोजे घालून ओट्यावरचे ओल्या फडक्याने टिपले. झाडूने उडवायचे नाहीत.

घर बंद करायचं म्हटलं तर तेच अवघड. इथली घरं वारा खेळावा म्हणून बांधलेली. खिडक्यांना काचेच्या आडव्या पट्ट्या, मिटल्या तरी फटी राहतातच. म्हणून आम्ही अख्खं घर सोडून एकच खोली धरलीय. तिच्या पट्ट्यांवर आतून प्लास्टिक, दाराखाली टॉवेल, आणि आत कार्बनचा जाड थर असलेलं शुद्धीकरण यंत्र. लेकीचा अभ्यास, जेवण, झोप सगळं तिथेच. जुनी माणसं पंख्यापुढे खाण्याच्या सोड्यात भिजवलेलं पातळ कापड लावतात. सोडा आम्लाला मारतो, तेव्हा उपाय अगदीच वेडा नाही. वीज गेली तर मात्र पंखा नाही, यंत्र नाही, आणि पंप बंद पडल्यामुळे नळाला पाणीही नाही.

सात

पाऊस आला. दणदणीत. मोकळ्या कोपरातून पाण्याचा जाड लोट फर्नच्या मुळात पडत होता. पंधरा दिवस ज्याची वाट पाहिली ते आठवड्याचं पाणी लाव्ह्यात जिरत गेलं आणि आम्ही डाळ-भात जेवलो.

जेवणानंतर घराखालच्या गाळण्या. टाकीचं पाणी पंपाने आधी २० मायक्रॉनच्या, मग ५ मायक्रॉनच्या घट्ट कार्बनच्या गाळणीतून जातं आणि शेवटी अतिनील दिव्याखालून. दिवा जळत असला तरी त्याचा जोर वर्षभरात उतरतो, म्हणून तो दर वर्षी बदलायचा. एवढा खटाटोप नुसत्या राखेसाठी नाही. पुनात उंदरांच्या फुप्फुसात वाढणारा एक सूक्ष्म कृमी आहे, गोगलगायींमधून पसरतो आणि माणसाच्या मेंदूपर्यंत पोचतो. शंखाविना फिरणाऱ्या गोगलगायी टाकीच्या झाकणावर सर्रास चढतात. पालेभाजी आम्ही पान न् पान सुटं करून धुतो, आणि कच्ची खायची सोडली आहे. अळूवडीला अर्थात बंदी नाही, इथे अळू मुबलक आहे.

साडेनऊ

वेधशाळेचा निरोप : कारंजं थांबलं. नेहमीसारखंच, नळ बंद केल्यागत. आता पत्रा धुऊन निघायला हवा. अजून तासभर पाऊस वाहून जाऊ दिला, मग कोपराखाली बादली धरली आणि पट्टी बुडवली. साध्या पावसाचा पीएच साडेपाचच्या आसपास असतो, बादलीतल्याचा साडेचार निघाला. तळाला दोन-तीन सोनेरी तंतू. पाइप आज लागणार नाही. पहाटे पुन्हा बादली, आणि वारा ईशान्येला वळला असेल तर मग क्लिप.

बाहेर कोकी बेडकांनी गोंगाट मांडलाय. पोर्तो रिकोहून झाडांच्या कुंड्यांबरोबर आलेले हे पाहुणे. त्यांच्यामुळे झोप उडते म्हणून नवे लोक तक्रार करतात. माझी तक्रार नाही, ते ओरडतात म्हणजे ओल आहे.

इकडे फिरायला यायचा बेत असेल आणि ज्वालामुखीजवळ म्हणून पुनातलं भाड्याचं घर घेतलंत, तर समुद्र दिसतो का, हे विचारायच्या आधी मालकाला तीन गोष्टी विचारा : गाळण्या आणि अतिनील दिवा शेवटचा कधी बदलला, छपरावर जुना रंग किंवा शिशाचे खिळे आहेत का, आणि गेल्या कारंज्याच्या वेळी टाकीचा पाइप काढला होता का. उत्तर देताना तो अडखळला तर नळकोंडाळ्याचा पत्ता घ्या आणि दातही त्याच पाण्याने घासा.